टपाला पाडलेलं भोक

माझं तोंड वाईट आहे, हे मला कोणी सांगायला नको. शाळेत पोरं टरकतात, घरी नवरा पेपरात डोकं घालून बसतो. बाबांवर मात्र मी त्या टपाच्या दिवसापर्यंत कधी ओरडले नव्हते. आई गेल्यावर ते आमच्याकडे भद्रावतीला राहायला आले. आयुष्यभर कारखान्यात फिटर. कुकरची मूठ असो की सायकलचा ब्रेक, अख्खी गल्ली त्यांच्याकडे यायची. आईच्या मागे त्यांना त्या कामांनीच सावरलं होतं.

मासे माझ्या हौसेचे. बैठकीत काचेची पेटी होती आणि तिच्याखाली पाणी गाळायला प्लास्टिकचा टप ठेवायचा होता. त्याला पाइपासाठी काठाच्या खाली दोन बोटांवर एक भोक हवं होतं. रविवारी सकाळी मी टप धुऊन अंगणात पालथा घातला. तो तसाच असताना वरून दोन बोटं मोजली, पेनाने फुली मारली, बाजूला बाण काढून ‘वर’ असं लिहिलं. ड्रिल बाबांच्या हातात दिलं आणि मी फोनवर बोलत बसले.

"इथीच पाडू ना वं?" बाबांनी विचारलं.

"खूण केली ना बाबा! दिसून नाई राह्यली का?"

दुपारी शाळेतल्या दोघी शिक्षिका मासे बघायला आल्या. मी मोठ्या ऐटीत टप सरळ ठेवला आणि बादलीने पाणी ओतायला लागले. पाणी बुडाजवळून बाहेर! फरशीवरून थेट पाहुण्यांच्या पायाशी. भोक काठाजवळ नव्हतंच, तळापासून दोन बोटांवर होतं.

माझं डोकंच सटकलं. "चाळीस वर्षं कारखान्यात निस्ती हजेरी लावली का बाबा? एक भोक धड पाडता नाई आलं तुम्हाले?"

बाबांनी टपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्या दोघींना हसून म्हणाले, "म्हातारा झालो ना बाई. डोळे धोका देते आता." आणि खाली बसून फरशी पुसायला लागले. मी त्यांना पुसू दिली. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

भोक बुजवायला मी बाजारातून पुट्टी आणून आतून थापली. दुसऱ्या दिवशी ती खपलीसारखी निघून हातात आली. बाबा म्हणाले, "या प्लास्टिकले काई चिकटत नाई. बोल्ट लावून आवळाच लागते." एवढंच. टोमणा नाही, काही नाही. त्यांनी जुन्या सायकलच्या ट्यूबचे दोन गोल वायसर कापले. भोकाची कड ब्लेडने साफ केली. न गंजणारा बोल्ट शोधला, कारण गंज माशांना सोसत नाही. एक वायसर आतून, एक बाहेरून, वर नट. आधी हाताने आवळला, मग पान्याने अर्धाच फेरा. "जास्त आवळलं तर तडकते," ते पुटपुटले. पाणी भरून टप वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागद कोरडा ठणठणीत.

बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी टप रिकामा करून पुसायला घेतला. पालथा घातला आणि बोल्टच्या शेजारी मला माझं अक्षर दिसलं. फुली ड्रिलने खाल्ली होती, पण बाण होता, ‘वर’ होतं. पालथ्या टपाचं बूड मी काठ समजून मोजलं होतं. बाबांनी मी दाखवलं तिथेच, केसभर इकडेतिकडे न होता, भोक पाडलं होतं.

मग मी काय केलं? अंगठ्याला थुंकी लावली आणि ते अक्षर पुसून टाकलं. चोरासारखं, न्हाणीघराच्या दाराकडे बघत. पण कोणापासून लपवत होते मी? चष्मा लावून अर्धा तास बाबा त्याच भोकाशी बसले होते. ते अक्षर त्यांच्या नाकासमोर होतं. त्यांनी वाचलं होतं आणि गिळलं होतं.

सांगू, आज सांगू, असं म्हणत दोन महिने काढले. शाळेत पोरांना "चूक कबूल करायला काय लागतं रे?" असं दरडावणारी मी.

परवा शाळेतून आले तर बाबा स्वयंपाकघरात उभे. नळ गळत होता. खाली पातेलं ठेवलेलं, ते काठोकाठ भरलेलं. पाना त्यांच्या हातातच होता.

"काऊन बाबा, कधीपासून गळून राह्यला?"

"सकाळपासून."

"मग करून नाई टाकला?"

ते पान्याकडे बघत म्हणाले, "तू येऊ दे म्हटलं. तू इथी उभी राह्य, मंग करतो."

चुटकीसरशी होणारं काम. त्यासाठी हा माणूस दिवसभर माझी वाट बघत होता. बाबा, खूण माझीच चुकली होती, हे शब्द अगदी ओठांवर आले.

"करा," मी म्हटलं आणि उभी राहिले.