मदिन्याला न पोचलेला सलाम

“तो मदिन्यातच राहिलाय, खाला. उद्या येईल,” असं सांगून माझ्या मुलाचा दोस्त समोर चहा पीत बसला होता. त्याच वेळी माझा मुलगा मोडलेल्या पायानं वाळवंटात पडून होता. हे मला पाऊण तासानं कळलं. तो पाऊण तास मी विसरलेले नाही.

ही केस कुठल्याही ठाण्यात माझ्या नावावर नाही. मी पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. शिक्षण चौथी. माझ्या भरतीच्या वेळी पोलिसात यायला बायका मिळत नव्हत्या, म्हणून चौथी चालून गेली. निवृत्तीनंतर सौदीत जेद्दाला मुला-सुनेकडे राहायला आले. तो एसी दुरुस्तीचं काम करायचा. दोस्त आमच्याच खाडीपलीकडच्या गावचा, त्याच इमारतीत खाली राहणारा.

नोकरीत असताना एका बाईला ताब्यात घ्यायला मी जैसलमेरला गेले होते. कागद तयार व्हायला एक दिवस लागणार होता. साहेब म्हणाले, बसून काय करता, राजांच्या छत्र्या बघून या. गावाबाहेर टेकडीवर पिवळ्या दगडाचे घुमट, एकेका राजाचा एकेक. खांबांवर बोटभर जागा कोरायची सोडलेली नाही. आत उभी शिळा, तिच्यावर राजा घोड्यावर आणि राण्या खाली उभ्या. पुरलेलं कोणी नाही. माणूस जाळला, राख गेली, मग आठवणीला छत्री बांधली. मी राखणदाराला विचारलं, या सगळ्या बायका आपल्या मर्जीनं सती गेल्या का? तो म्हणाला, “लिखा तो यही है.” असे जबाब मी बरेच वाचलेत.

एकदा जेवताना मी हे घरात सांगितलं. मुलगा म्हणाला, “अम्मी, इथंपण आहे तसं. मदाइन सालेहला. अख्खे डोंगर कोरून थडगी केलीयत. तुला दाखवीन.”

“त्या लोकांवर अल्लाचा कहर कोसळला होता. तिथं मौजेला जायचं नसतं.”

“मग तू जैसलमेरला कशी गेलीस?”

“सरकारी भत्ता घेऊन गेले.”

तो हसला. मला वाटलं, विषय संपला.

तेव्हा तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे. त्या गुरुवारी दोघं मदिन्याला जातो म्हणून गाडी घेऊन निघाले. आमच्यात कोणी मदिन्याला निघालं, की पैगंबरांच्या कबरीपाशी माझाही सलाम सांग, असं त्याला सांगतात आणि तो ते काम अंगावर घेतो. मी दोघांनाही सांगितलं. शनिवारी सकाळी दोस्त एकटा परत आला.

खबर दिली ती खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, मलबाऱ्यानं. अंडी द्यायला वर आला आणि सुनेला म्हणाला, “भाभी, पानी कम तो नहीं पड़ा? साठ लिटर ले गए थे.” मदिन्याच्या रस्त्यावर जागोजागी पेट्रोल पंप आहेत. तिकडे जाणारा माणूस साठ लिटर पाणी घेत नाही.

मी दोस्ताला वर बोलावलं. चहा दिला. आवाज चढवला नाही. घाबरलेल्या माणसावर ओरडलं, की तो आपलं खोटंच घट्ट धरतो. कुठं उतरलात, कुठं जेवलात, गाडी कुठं लावली, सगळं त्यानं बिनचूक सांगितलं. मदिना त्याला पाठ होतं. ओठ मात्र फुटलेले होते.

“एसीमुळं, खाला.”

“बरं. माझा सलाम सांगितलास?”

त्यानं कप खाली ठेवला. पाच वक्त नमाज पढणारा माणूस पोलिसाशी खोटं बोलेल, बायकोशी बोलेल. हे खोटं त्याच्या तोंडून निघत नाही.

“नाही,” तो म्हणाला.

“का?”

“येताना मदिन्यात बस बदलायला उतरलो होतो. मशिदीत जायची हिंमत झाली नाही.”

मग सगळं आलं. आईला दाखवण्याआधी रस्ता बघून ठेवू, म्हणून मुलगा त्याला मदाइन सालेहला घेऊन गेला होता. परवाना नव्हता. पहारेकऱ्यानं परत पाठवलं, तर यांनी कुंपणाच्या मागच्या अंगानं गाडी घातली. ती वाळूत रुतली. निदान लांबून तरी दिसेल म्हणून मुलगा खडकावर चढला आणि घसरला, पाय मोडला. ही शुक्रवार दुपारची गोष्ट. मोबाईलला रेंज नाही. दोस्तानं पाण्याचे कॅन त्याच्याजवळ ठेवले, चालत रस्ता गाठला, ट्रक मिळाला. पहिल्या नाक्यावर सांगणार होता. तिथं पोलीस दिसले आणि तो गप्प बसला. मी सुनेला मुलाच्या कफीलला, म्हणजे त्याला कामावर आणणाऱ्या तिथल्या मालकाला, फोन लावायला सांगितलं.

“खाला, कफीलला फोन नको. माझा राहायचा इकामा दुसऱ्या मालकाच्या नावावर आहे, गाव सोडायचं पत्र नाही. मी खलास होईन.”

“तू विमानात बसून घरी जाशील. खलास तो होतोय.”

सुनेनं मुलाच्या कफीलला फोन लावला. कफीलनं आधी शिव्या दिल्या, मग विचारलं, खडकाच्या कुठल्या बाजूला? मी रिसीव्हर दोस्ताच्या हातात दिला. त्यानं रडत रडत, पण नीट सांगितलं. तिथल्या पोलिसांना माझा मुलगा अस्राच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या, सुमाराला सापडला.

चार दिवसांनी इस्पितळात मी त्याला विचारलं, “दिसली का थडगी?”

“एक. अर्धंच.”

“कसं होतं?”

“दरवाज्यावर गरुड कोरलेला. काम चांगलं होतं, अम्मी.”

नोकरीत मला वाटायचं, माणूस फायद्यासाठी खोटं बोलतो. या पोरानं दोस्ताला मरायला सोडलं नव्हतं. नाक्यावर तो पाच मिनिटं घाबरला. त्यानंतर दर तासाला त्याला आणखी एका तासाचा जाब द्यावा लागणार होता, म्हणून तो बोललाच नाही. आणि मी? परक्या माणसाला ठाण्यात चार प्रश्न विचारल्याशिवाय कधी सोडलं नाही. पोटचा मुलगा मदिन्याला जातो म्हणाला, तेव्हा एकही विचारला नाही.

दोस्ताला महिन्याभरात परत पाठवलं. तो आता गावी होडीवर असतो. माझा मुलगा जगला. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.