चुलीमागच्या चाळीस बाटल्या

नाव: रोदेमिल बारिया. वय: त्रेसष्ट. राहणार: ओसोर्नोच्या दक्षिणेस, तळ्याकाठी. व्यवसाय: निवृत्त कारकून, जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी. बांधा मध्यम, मिशी कोरलेली, चष्मा. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा न जाणारा डाग. वर्तणूक: चोख. चौतीस वर्षांच्या सेवेत सदर इसमाच्या हातून एकही चूक झालेली नाही, आणि झाली असल्यास त्याने ती मान्य केलेली नाही.

शेवटच्या वाक्याचा उत्तरार्ध दप्तरातला नाही. तो त्याच्या सासूचा, एल्सिराबाईंचा.

निवृत्तीनंतर माणसं मासे धरतात, नाहीतर आजारी पडतात. रोदेमिल वाल्दिव्हियाला जाऊन घरी बिअर करायचा दोन दिवसांचा वर्ग करून आला आणि येताना एक छापील कागद घेऊन आला. कागदावर पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीपुढे दिवस लिहिलेले होते. त्याला आणखी काय हवं होतं? जूनमध्ये त्यानं वीस लिटर बिअर मागच्या खोलीत आंबायला ठेवली. मुदत चौदा दिवस. आठव्या दिवशीच बुडबुडे थांबले.

"गारठलीय ती," त्याची बायको नोल्फा म्हणाली. "त्या खोलीत मी बटाटे ठेवत नाही, तू बिअर ठेवलीस."

"झालीय ती. तरी चौदा दिवस पुरे करू. नियम आहे."

पंधराव्या दिवशी त्यानं चाळीस बाटल्या भरल्या. आत वायू धरावा म्हणून कागदात सांगितल्याप्रमाणे प्रत्येकीत मापानं साखर घातली, पत्र्याची बुचं ठोकली, आणि प्रत्येक बाटलीवर 'तयार' अशी चिठ्ठी लावून खाली तारीख घालून सही केली. पुढची पायरी होती: उबदार जागी ठेवा.

मे ते सप्टेंबर, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, त्या घरात उबदार जागा एकच. स्वयंपाकघरातली बिडाची चूल. आणि चुलीला लागून एल्सिराबाईंची खुर्ची. बाई एक्याण्णव वर्षांच्या, कानांनी अधू. हिवाळ्यात त्या खुर्चीतून बाई फक्त झोपायला उठत. साठ सालच्या भूकंपात एकदा भरदिवसा बाहेर धावल्या होत्या, आणि तेही उगाच, असं त्यांचं मत होतं. रोदेमिलनं बाटल्यांचे दोन क्रेट खुर्चीच्या पाठीमागे, भिंत आणि चूल यांच्या कोपऱ्यात, एकावर एक रचले.

अकराव्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर नोल्फा भोपळ्याच्या सोपाइपिया तळत होती. गुरुवारपासून पाऊस थांबला नव्हता. रोदेमिल टेबलाशी पेपर वाचत होता. तेवढ्यात खुर्चीमागे ठाप् आवाज झाला.

"ओली लाकडं आणलीत जावईबापूंनी," एल्सिराबाई मान न वळवता म्हणाल्या. "तडतडतायत बघ."

खुर्चीच्या पायाशी फेस ओघळत आला. रोदेमिलनं वर पाहिलं. भिंतीच्या फळीत बोटभर लांबीची काच रुतून बसली होती, सासूबाईंच्या कानाच्या उंचीवर, कानापासून वीतभर.

मग त्याला एकदम सगळं कळलं. कागदातले चौदा दिवस उबदार खोलीतले होते. मागच्या खोलीत नऊ अंश होते. यीस्टनं काम संपवलं नव्हतं. ते अर्धी साखर तशीच ठेवून झोपलं होतं. त्यावर त्यानं आणखी साखर घातली, बूच ठोकलं आणि त्याला चुलीशी नेऊन जागं केलं. एकोणचाळीस बाटल्या अजून शाबूत होत्या आणि सगळ्या एकाच दिवशी भरलेल्या होत्या.

तो उठला, खुंटीवरची जाड लोकरीची मांता काढली आणि सासूबाईंच्या मागून हळूच क्रेटवर पांघरली. हात काढला तोच मांतेच्या आत दुसरी फुटली. आतून लाथ बसावी तशी लोकर उसळली.

"आईला बाहेर ने," नोल्फा हलक्या आवाजात म्हणाली. कढई तिनं केव्हाच बाजूला ओढली होती.

"आधी क्रेट काढतो."

"कसे? खुर्ची सरकवल्याशिवाय निघतात? आणि धक्का बसला तर?"

"मग त्यांनाच उचलतो."

"परवा डॉक्टरनं दंडाला धरलं तर काठी हाणली तिनं. तशी बाटल्यांवर हाणली म्हणजे?"

रोदेमिल खुर्चीसमोर जाऊन वाकला. "सासूबाई, जरा आतल्या खोलीत चलता?"

"कशाला, गारठून मरायला?"

"पाद्रीबाबा आलेत."

"मग मी मेलेच असणार. इथंच पाठवा त्यांना."

मांतेखाली बारीक चर्र असा आवाज सुरू झाला. कुठलं तरी बूच सुटत होतं, किंवा काच. बाईंना ऐकू येत नव्हतं, त्याला येत होतं.

"खरं सांग ना तिला," नोल्फा म्हणाली.

"सासूबाई, बिअरचा दाब अपेक्षेपेक्षा..." तो थांबला. "माझी चूक झाली."

एल्सिराबाईंनी कानामागे हात धरला. "काय?"

"चूक झाली. माझी."

"नीट ऐकू येत नाही. इकडे या."

तो पुढे जाणारच होता. मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं आणि तो एक पाऊल मागे सरकला. "माझी चूक झाली," तो आणखी हळू म्हणाला.

बाईंनी काठी टेकली. तो जावई झाल्यापासून अडतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं अर्धवट सोडणं शक्य नव्हतं. त्या उठल्या. तो मागे, त्या पुढे. टेबलाशी तो पुन्हा म्हणाला, दाराशी पुन्हा. उंबऱ्यावर त्यांनी दम घेतला तेव्हा त्यांची पाठ अजून क्रेटकडेच होती. "माझी," तो बोळातून म्हणाला, "माझी चूक." नोल्फानं आईचा कोपर धरला. बाईंचा दुसरा पाय उंबऱ्यापलीकडे पडला आणि नोल्फानं दार ओढून घेतलं. आत सहा बाटल्या लागोपाठ गेल्या. दाराची फळी थरारली.

"आता सांगा मोठ्यानं," एल्सिराबाई म्हणाल्या. "कधीची चूक?"

"आजची."

"एवढीच?"

नंतर रोदेमिलनं लाकडं कापताना घालायची, तोंडापुढे जाळी असलेली टोपी चढवली, अंगाला ब्लँकेट गुंडाळलं आणि उरलेल्या बाटल्या एकेक करून पडवीत नेल्या. प्रत्येक बूच हात लांब करून, तोंड फिरवून उघडलं. फेस छपराला लागत होता. बत्तीस बाटल्या. सगळं आटपेपर्यंत त्याची बोटं निळी पडली होती आणि दुसऱ्या खोलीत बाई तात्पुरत्या पेटवलेल्या शेगडीपुढे बसून नोल्फाला ते वाक्य परत परत सांगत होत्या.

मग तो टेबलाशी बसला, बिअरची वही उघडली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'दि. १४ जुलै. तांत्रिक कारणास्तव सर्व बाटल्या मुदतीपूर्वी उघडण्यात आल्या. जीवितास धोका उद्भवला नाही.' खाली सही केली.

खुर्चीच्या पाठीत अकरा काचा होत्या.