राहिलेला पेपर

राखोलीची माझी शाळा आणि तिथल्या धाग्याच्या कंपनीतली पहिली पाळी एकाच सुमारास सुटते. त्यामुळे टोकरखाड्याच्या शेअर रिक्षात त्या कंपनीतला एक कामगार बहुतेक वेळा माझ्याशेजारीच असतो. धुळ्याकडचा, चाळिशीचा, भुवयांत धाग्याचे पांढरे तंतू अडकलेले. बसला की आधी हात पँटला पुसतो आणि मग जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं इंग्रजीचं पुस्तक काढतो. बी.ए.चा तेवढा एक पेपर त्याचा कित्येक वर्षं राहिलाय. नाव मी कधी विचारलं नाही.

परवा मी वर्गात बोलावं तसं म्हणाले, "यंदा बसाच परीक्षेला. एकच तर विषय. मी शिकवते."

त्यानं पुस्तक मिटलं.

"मॅडम, गावाकडे सगळे म्हणतात, याचा एक पेपर अडकलाय म्हणून हा मशीनवर उभा आहे. बायकोबी पोरांना तेच सांगते. पेपर सुटला अन् तरी मशीनवरच राहिलो, तर मग काय सांगायचं?"

त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं आणि मान खाली घातली. टोकरखाडा येईपर्यंत पान काही उलटलं नाही.

आमच्या शाळेतला शिपाई एम.ए. आहे. तेवढं मात्र मी त्याला सांगितलं नाही.