रविवारची शेवटची गाडी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. भटकंतीच्या गप्पा निघाल्या की मी डोंगरांबद्दल भरभरून बोलायचो आणि त्या एका रविवारापाशी आलो की विषय बदलायचो. ज्याच्यासमोर बोलायची भीती वाटत होती तो आता राहिलेला नाही. पण त्याच्याविषयी सगळे जे समजून बसले आहेत ते खोटं आहे, आणि ते मीच पसरवलेलं आहे.

तो माझा मित्र. मांडवीला आमच्या दोन गल्ल्या सोडून राहायचा. उभं आयुष्य जहाजाच्या इंजिनखोलीत काढून साठी उलटल्यावर घरी परतलेला. मी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला. तो मला ‘कारकून’ म्हणायचा, मी त्याला ‘खलाशी’. दोघांनाही आपापली पदवी नापसंत होती, म्हणून ती टिकली.

एका संध्याकाळी जेटीवर बसलो असताना तो म्हणाला, “निम्मी दुनिया बघितली मी, पण आपला सह्याद्री बघितला नाही. जहाजावरून दिसायची ती नुसती निळी रेघ.”

“मग जाऊ या की.”

“गाडी कुठे आहे आपल्याकडे?”

“एसटी आहे ना. आणि आपल्याला अर्धं तिकीट.”

तो एवढ्या जोरात हसला, की शेजारी गळ टाकून बसलेला माणूस रागावून आमच्याकडे बघायला लागला.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं आम्ही अक्षरशः उधळलो होतो. अंधार असतानाच स्टँडवर हजर. “देवरूख लागली काय?” असं ओरडतच तो आत शिरायचा. ड्रायव्हरच्या मागचं बाकडं आमचं. गाडी घाटाला लागली की त्याचा कान इंजिनाकडे. “हिला दुसरा टाकायला हवा. बघ, बघ, आता टाकला! शहाणा आहे.” एका ड्रायव्हरने मागे वळून विचारलंही, “काका, तुम्ही चालवताव काय?” मार्लेश्वरच्या पायऱ्या आम्ही चढलो. लांज्याकडून माचाळला गेलो, तिथे ढग इतके खाली आले होते, की समोरचं घर कोंबड्याच्या आरवण्यावरून शोधावं लागलं. पाठीवरच्या पिशवीत त्याच्या बायकोने, म्हणजे भाभींनी, दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेला बांगडा. माझ्या घरून चटणी आणि चार केळी. त्याला चटणी आवडायची, मला बांगडा, त्यामुळे कुणाचं काय हा प्रश्न उरलाच नाही.

एसटीने डोंगर गाठण्यात जी मजा आहे ती स्वतःच्या मोटारीत नाही. मोटारवाला हवं तेव्हा परत फिरतो. आमचं तसं नव्हतं. पायथ्याच्या गावात उतरलं की पहिला प्रश्न शिखराचा नाही, परतीच्या गाडीचा. मग दिवसभर ती गाडी डोक्यात वाजत राहते. सुळक्यावर उभं राहून तुम्ही समोरच्या दऱ्या बघता आणि मनात हिशोब चालू असतो. त्या धाकधुकीनेच पायांत जोर येतो.

शेवटच्या वाडीत गाडी वळवून उभी करतात, तिथली एक रीत आहे. कंडक्टर डबल बेल मारण्याआधी चढलेल्यांना विचारतो, “मागे कोण हाय काय?” कुणी म्हणालं, “थांबा, आमची वैनी येतेय, पऱ्याच्या पाण्यापर्यंत पोचली,” की गाडी थांबते. कुणी म्हणालं, “नाय कोण,” की निघते. तो खाली उतरून बघत बसत नाही. आत बसलेल्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

तो रविवार थंडीतला. संगमेश्वर तालुक्यातलं, अगदी कड्याच्या पायाशी असलेलं एक गाव. सकाळच्या गाडीने पोचलो आणि जुन्या नाळेच्या, डोंगरातल्या घळीच्या, वाटेने चढायला लागलो. पूर्वी घाटावरून बैल याच वाटेने खाली आणत असत. दगड झिजून गुळगुळीत झालेले. वर पोचलो तेव्हा देशावरचा गार वारा तोंडावर आला आणि खलाशी दोन्ही हात पसरून ओरडला, “कारकुना, हा तर भर समुद्रातला वारा रे!” त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने, असं तो म्हणाला. मलाही काय झालं कुणास ठाऊक, मी शाळेतल्या पोरासारखी शीळ घातली.

उतरताना देवराईपाशी वाटेला दोन फाटे फुटले. एक खडी पाखाडी, दगडी पायऱ्यांची, थेट गावात उतरणारी. दुसरी सड्यावरून, उघड्या कातळाच्या माळावरून, वळसा घालून जाणारी, लांब पण सपाट.

“सड्यावरून जाऊ,” तो म्हणाला. “पायऱ्यांनी गुडघे जातील.”

“खलाशी घाबरला!”

“घाबरतोय कोण? जा तू पाखाडीने. गाडीशी कोण आधी पोचतो बघू.”

“हरलास तर?”

“तर तुला जन्मभर कप्तान म्हणेन.”

मी सुटलोच. त्या उताराची आठवण आजही अंगात भिनलेली आहे. दोन-दोन पायऱ्या एकदम, हाताने फांद्या बाजूला सारत, छातीत ढोल वाजतोय, आणि खाली झाडांच्या फटीतून गाडीचा लाल टप चमकतोय! इतक्या वर्षांनी शर्यतीत पळत होतो. खाली आलो तेव्हा ड्रायव्हर बसलेला होता आणि इंजिन सुरू होतं. मी धापा टाकत खिडकीशी बसलो. जिंकलो होतो.

कंडक्टरने रीतीप्रमाणे विचारलं, “मागे कोण हाय काय?” आणि सड्याकडे बोट केलं. “तो येतोय तो तुमच्यातला काय?”

मी पाहिलं. सड्याच्या कडेला पांढरा सदरा होता. तो काठी उंच धरून हलवत होता आणि भराभर उतरत होता. पाच-सात मिनिटांत पोचला असता. गाडी सुटायची ठरलेली वेळही अजून झालेली नव्हती.

“नाही हो,” मी म्हणालो. “गुराखी असेल कोणीतरी.”

मला गंमत करायची होती. तासाभराने शाळेची गाडी असते हे मला सकाळीच कळलं होतं. त्याने तासभर चरफडत बसावं, मग संगमेश्वरच्या स्टँडवर चहाचा कप पुढे करून मी म्हणावं, या खलाशी, कप्तान वाट बघतोय. एवढंच डोक्यात होतं. डबल बेल झाली. गाडी निघाली आणि मी तोंडावर रुमाल धरून हसत बसलो.

दोन वळणं गेल्यावर मी शेजारच्या बाईंना सहज विचारलं, “शाळेची गाडी पाचला ना?”

“आज आयतवार नाय काय, काका? शाळेला सुट्टी. आज शाळेची गाडी कुठली? आता सकाळचीच.”

गाडी थांबवायला एक हाक पुरली असती. “माझा माणूस मागे राहिला,” एवढंच म्हणायचं होतं. पण मग कंडक्टरने विचारलं असतं, तो गुराखी होता ना? सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली असती. पुढच्या थांब्यावर सांगतो, असं ठरवलं. तो थांबा गेला. मग त्याच्या पुढचा. त्याला फोन लावला तर त्या वाडीत रेंज नव्हती. संगमेश्वर आलं तेव्हा मी भाभींना फोन केला आणि म्हणालो, “त्याला उतरायला उशीर झाला, गाडी चुकली. काळजी करू नका, वाडीतली माणसं चांगली आहेत.”

माणसं खरोखरच चांगली होती. त्याला कुणीतरी घरी नेलं, कुळथाचं पिठलं खायला घातलं, गोधडी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला, तोच मळका सदरा आणि तोंडभर हसू.

“कप्तान! जिंकलास. मला वाटलं होतं गाडी मिळेल. हातसुद्धा केला रे मी. उशीरच झाला म्हणायचा.” मग खुर्चीत बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, “खरं सांग. मी फार मंद झालोय काय?”

त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. तो मला चार शिव्या घालून हसलाही असता.

“वय झालं आपलं,” मी म्हणालो.

त्या एका वाक्याने तो खचला. त्याच्या मुलाने आखातातून फोन करून बजावलं, “अब्बा, बस झाले डोंगर. गाडी धरता येत नाही, उद्या पाय घसरला तर?” एरवी त्याने मुलाला झिडकारलं असतं. या वेळी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. आमच्या ओळखीत सगळीकडे झालं, की खलाशी थकला, वाटेत मागे पडतो. ते सगळ्यांना मीच सांगितलं होतं, हसत हसत. मी बोलवायला गेलो की तो म्हणायचा, “तू जा. माझ्यामुळे तुझी गाडी चुकायची.”

मी एकटा जाऊ लागलो. परतल्यावर त्याला सगळं सांगायचो. अंथरुणाला खिळला तेव्हाही मी जायचो. शेवटच्या भेटीत मी नव्या वाटेबद्दल सांगत होतो, कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याबद्दल, आणि त्याचे डोळे पुन्हा तसेच चमकायला लागले. “इंजिन कसं होतं गाडीचं?” त्याने विचारलं. मी घाटातला गिअरचा आवाज तोंडाने काढून दाखवला. तो हसता हसता खोकला. आता सांगू, असं मी ठरवलं, तेवढ्यात भाभी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाई, तुम्ही आलात की हे जरा बोलतात तरी.” मी चहा प्यायलो आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात सांगायचं म्हणून वाक्यं तयार केली होती. जाता-येता मनात घोकत होतो. तो आठवडा त्याला मिळाला नाही. ती वाक्यं अशी होती:

अरे, तू मंद झाला नव्हतास. तू वेळेत आला होतास. मी तुला सड्यावर पाहिलं होतं आणि ओळख दिली नाही. मला माफ कर.