दादांची शिकवणी

मी गणिताचा मास्तर. समोरच्याला काही येत नसेल तर त्याला पाढे म्हणायला लावायचे, एवढंच औषध मला आयुष्यभर ठाऊक. तेच मी माझ्या बापाला पाजलं.

दादा वाटूरला शेती करत. शाळा तिसरीपर्यंतची. पण कुठं लग्नाची बोलणी निघाली की परतूर-घनसावंगीकडची माणसं आधी त्यांना विचारायला येत. कोणाचं कूळ कोणतं, देवक कोणतं, कोणाची आत्या कुठं दिलेली, सगळं त्यांना तोंडपाठ. दोन घरांचं देवक एक निघालं की दादा म्हणत, "भाऊभाऊ लागता तुम्ही. चहा घ्या अन् दुसरं घर पाहा."

सत्तरी ओलांडल्यावर ते अडखळायला लागले. एकोणीसशे नव्वदच्या पुढचीच गोष्ट. एकदा त्यांनी बिनदिक्कत हो म्हटलं, सुपारी फुटली, आणि मग कळलं की दोन्हीकडचं देवक एकच. सोयरीक मोडली. ती माणसं माझ्या शाळेत येऊन चारचौघांत बोलून गेली. घरी आल्यावर मी दादांना नाही नाही ते बोललो. खरं सांगतो, त्यांच्या डोक्यापेक्षा मला माझ्या नाकाची काळजी जास्त होती.

मी त्यांना जालन्याला माझ्याकडे आणलं. औरंगाबादला मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वयामुळे मेंदू आकसलाय.

"डोक्याला व्यायाम दिला तर आकसणं मंदावेल?" मी विचारलं.

"खात्री देता येत नाही. पण डोकं चालतं ठेवा."

झालं. सकाळी पाढे, दुपारी शब्दकोडं. चुकले की मी वहीत लाल खूण करायचो. दादा खाली मान घालून बसत. एकदा म्हणाले, "मला बारापुढचे कधीच आले न्हाईत. मंग इथं बसून मी काय करून राह्यलो?" मी म्हटलं, "म्हणूनच म्हणा."

गावाकडून कोणी सोयरीक विचारायला आलं तर मी फाटकातूनच वाटेला लावायचो. त्यांना आता काही आठवत नाही, असं सांगायचो, तेही दादांना ऐकू जाईल अशा आवाजात. एकदा ते आतून म्हणाले, "बसू दे त्याला. त्याचं घर मला ठावं हाय." मी बसू दिलं नाही.

वर्षभरानं पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. भरलेल्या वह्या मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवल्या. त्यांनी एकही उघडली नाही.

"आधी हे काय करायचे?"

मी सांगितलं.

"मग तेच का बंद केलं?"

जन्मभर पोरांना उत्तरं विचारणारा मी, वह्या गोळा करून पिशवीत भरू लागलो.

घरी येऊन मी दादांसमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, एक सोयरीक पाहायची आहे. कितीतरी महिन्यांनी ते ताठ बसले.

"कुठले पाव्हणे तुम्ही?"

"वाटूरचा."

"कोणाचे?"

मी त्यांचंच नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ शोधलं.

"माणूस वळखीचा हाय," ते म्हणाले, "पण त्याला पोरगा असल्याचं माह्या ध्यानात न्हाई. उगं हो म्हणत न्हाई मी. मागं चुकलो तवा लई बोलणं खाल्लंय."