काविळीवरचा रस

आमची पोरगी तेव्हा वर्षाची. डोळे पिवळे पडले, पोट टम्म फुगलं. मी म्हटलं, कावीळ, दुसरं काय! आमच्या खानदेशात काविळीला उसाचा रस पाजतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथं सुरतेत बमरोलीच्या नाक्यावर रसाची गाडी होतीच. रोज सकाळी बिनबर्फाचा ग्लास भरून आणायची.

पोरगी तोंड फिरवायची, ओकायची. मला असा संताप यायचा! हे कापडाच्या लूमवर बारा बारा तास, सासर-माहेर तिकडे धुळ्याला, आणि मी एकटी. मग तिला मांडीवर आडवी धरायची, नाक दाबायची आणि चमच्याने रस ओतायची. शेजारची वऱ्हाडातली ताई म्हणाली, ‘‘अगं, नको म्हणतंय लेकरू तर राहू दे ना.’’ अख्ख्या चाळीत माझं म्हणावं असं ते एकच माणूस. मी तिच्यावरच खेकसले, ‘‘ताई, तुम्ही नका मला शिकवू!’’

सहाव्या दिवशी पोरगी घामाने भिजली, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लिव्हर कशाने बिघडलं ते शोधायला सुरुवात केली. जंतू, पाणी, झाडपाल्याचं औषध, दूध, सगळं विचारून झालं, तपासून झालं. शेवटी म्हणाल्या, ‘‘बेन, गोड काय देता?’’ आधी भातात गूळ कालवून द्यायची ते, आणि मग रसाचं, मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. ऊस, गूळ, मध, फळं यांतली साखर हिच्या लिव्हरला जन्मापासूनच सोसत नाही, म्हणाल्या. फार क्वचित दिसतं हे, आईबाप दोघांकडून येतं.

‘‘आपणहून प्यायची का?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. धडधडीत खोटं.

रस, गूळ सगळं बंद झालं, पोरगी वाचली. आता सात वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिच्या त्या आजारपणाची गोष्ट निघाली, तेव्हा तिने विचारलं, ‘‘मम्मी, मला तो रस कोणी पाजला होता?’’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘शेजारच्या मावशीने.’’

तेव्हापासून पोरगी ताईच्या घरी जात नाही. ताई दोनदा दारात येऊन विचारून गेली, ‘‘काय गं, माझ्याशी बोलेना ती?’’ अभ्यास असतो, म्हटलं. खरं सांगायचं रोज ठरवते. पण पोरगी माझ्या हातचं बिनघोर जेवते, ती उद्या ताट सरकवेल या धाकाने जीभ रेटत नाही. दुपारभर घरात मी एकटीच बसून असते.

परवा ताईने डबा पाठवला. खारे शंकरपाळे, पोरीसाठी मुद्दाम बिनसाखरेचे केलेले. पोरगी मागे सरली. ‘‘मम्मी, टाकून दे. मावशी मला मारून टाकेल.’’

मी तिच्यादेखत तो डबा कचऱ्यात उपडा केला.