किसनमामांचा पासवर्ड

किसनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी किल्लारीच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर बसून, परदेशात राहणाऱ्या चार मराठी मुलांना 'ळ' शिकवत होते. फोन मामींचा होता म्हणून तास चालू असतानाच उचलला. "पोरी, मामा गेले गं तुझे… सकाळी च्या पिले, पेपर वाचला, अन् बसल्या जागी…" एवढंच त्या बोलू शकल्या. मुलं पडद्यावर वाट बघत होती. मी उरलेली वीस मिनिटं शिकवलं. मामांना अर्धवट सोडलेलं काम खपत नसे, असं कारण मी नंतर स्वतःला दिलं. खरं म्हणजे मला काय करावं ते सुचलंच नव्हतं. मग लॅपटॉप मिटला आणि त्याच्याच झाकणावर डोकं टेकून रडले. तो लॅपटॉप चालतोय तो मामांमुळे. त्याला आता तेरावं वर्ष लागलंय.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. मूळचे उमरीचे, बौद्ध कुटुंबातले, नांदेडला टेलिफोन खात्यात लाइनमन. भूकंपानंतर तारा ओढायला किल्लारीत आले आणि दोन महिने आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जेवले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आईचे दोन्ही भाऊ त्या पहाटे गेले होते. पुढच्या राखीपौर्णिमेला आईनं एसटीनं नांदेड गाठलं, पत्ता विचारत विचारत त्यांच्या दारात उभी राहिली आणि राखी बांधून संध्याकाळच्या गाडीनं परत आली. तेव्हापासून ते मामा. इतर कुणाला त्याचं नवल वाटत असेल तर वाटो, आमच्या दोन्ही घरांत कुणालाच कधी वाटलं नाही.

लाइनमन म्हणून त्यांची एक पद्धत होती. फोन बंद पडल्याची तक्रार आली की दुसरे लोक शिडी घेऊन खांबाकडे पळत. मामा चप्पल काढून आधी घरात जात आणि रिसीवर नीट ठेवलाय का ते बघत. "निम्मे फोन तितंच सुरू होतात," ते सांगायचे, "पन मानसाला खांबावर चढायची लई हौस!" निवृत्तीनंतर त्यांनी हीच पद्धत जुन्या कॉम्प्युटरांना लावली. लोकांनी भंगारात काढलेली यंत्रं आणायची, त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं, हलकं लिनक्स टाकायचं आणि चालती करून परत द्यायची. शंभर पानी वहीत कॉम्प्युटरला द्यायची प्रत्येक आज्ञा ते सुबक अक्षरात लिहीत, शेजारी तिचा मराठीत अर्थ, आणि ती यशस्वी झाली की लाल पेनानं बरोबरची खूण. मास्तरांनी तपासावी तशी ती वही दिसायची.

माझी गोष्ट अशी झाली. आईचे गुडघे गेले, तिला एकटं ठेववेना, म्हणून मी लातूरच्या शाळेतली नोकरी सोडून किल्लारीला आले. काही महिन्यांत कळलं की घरी बसून मराठी शिकवण्याचं एक काम मिळू शकतं, पण त्यांना आधी नमुन्याचा एक तास घेऊन दाखवायचा होता, रविवारी सकाळी दहाला. ते काम मिळालं तर आई तिच्या घरात राहणार होती. नाही मिळालं तर मला लातूरला परतणं भाग होतं आणि आईला तिथल्या दोन खोल्यांत न्यावं लागणार होतं… आणि ती किल्लारी सोडणार नाही हे तिनं भूकंपानंतरच सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. माझ्या फोनवर तो तास घेता येत नव्हता. म्हणून लातूरला असताना घेतलेला आणि नंतर किती वर्षं किल्लारीच्या घरी कपाटात पडलेला लॅपटॉप मी पिशवीत घालून नांदेडला मामांकडे नेला. त्यांनी तो उघडला, पंख्यातली धूळ फुंकली आणि म्हणाले, "म्हातारं हाय, पन दम हाय." दुपारपर्यंत त्यावर लिनक्स चढलं. लॅपटॉप पळायला लागला, पण वायफाय काही दिसेना. वायर जोडली की इंटरनेट यायचं, वायर काढली की गायब. मला आईसाठी परतायचं होतं. "तू जा. शनिवारी मी येतो," मामा म्हणाले.

तुम्ही विचाराल, मग वायर जोडूनच तास घ्यायचा की! तर इंटरनेटचा डबा आहे माझ्या चुलतभावाच्या, बाळूच्या घरात, आणि तोही त्याच्या पिठाच्या गिरणीत. तिथं बसून 'ळ' शिकवायचा म्हणजे जात्यात तोंड घालून बोलण्यासारखंच. रविवारी सकाळी तर आख्खं गाव दळायला येतं. डब्याची लहर भिंतीपलीकडं आमच्या घरात छान येते, फोन ती पकडतो. लॅपटॉपला मात्र तिचा पत्ताच नव्हता.

शनिवारी मामा पहिल्या बसनं निघून, लातूरला गाडी बदलून, अकराला दारात हजर. आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि लॅपटॉप घेऊन गिरणीत गेलो. तिथं पिठाच्या ढगात उभ्यानं त्यांनी निदान केलं: वायफायच्या चिपला चालायला जी फाइल लागते, तीच या लिनक्ससोबत आलेली नव्हती. बाळूची वायर लावून ती उतरवली. वहीत लाल खूण झाली. मामांच्या मिशांवर पीठ, माझ्या केसांत पीठ, आम्ही विजयी वीरांसारखे घरी आलो आणि लॅपटॉप सुरू केला… काहीही नाही. चिप आता ओळखली जात होती, पण एकही नेटवर्क दिसेना. मामांनी संध्याकाळपर्यंत वहीतली पंधराएक पानं पालथी घातली. माझा पारा चढत होता. "मामा, राहू द्या, नशिबातच नाही," मी तोडून बोलले. त्यांनी चष्मा काढला. "नशिबाचं वायरिंग मी कधी केलं न्हाई बाई. उद्या सकाळी बघू. डोकं तापल्यावर वायर धरायची न्हाई." आणि ते खरंच जेवून झोपले. मी मात्र मनातल्या मनात आईचं सामान बांधत होते.

सकाळी आठला ते पुन्हा बसले. या वेळी त्यांनी एक छोटीशी आज्ञा दिली, नुसती यंत्राची चौकशी करणारी. उत्तर आलं की वायफाय प्रोग्रॅमनं नव्हे, यंत्रावरूनच बंद केलेलं आहे. मग त्यांनी लॅपटॉप उचलून डोळ्यांजवळ धरला आणि पुढच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं लालसर-पिवळा, वाळलेला थर होता.

"अक्का," त्यांनी आईला हाक मारली, "हितं काय लावलंय?"

"कुंकू. अन् हळद," आई म्हणाली. "दर खंडेनवमीला लावते की. विळा, शिलाई मशीन, अन् हिचं हे. कपाटात असलं म्हणून काय झालं, हत्यारच हाय ते. तितं जरा उंचवटा हाय न्हवं, टिळ्याला जागा केल्यावानी."

तो उंचवटा म्हणजे वायफायचं बटण होतं! वर्षानुवर्षं आई तिथंच बोट टेकवून हळदकुंकू लावत आली, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसत आली. पुसताना कधीतरी बटण बंदकडे सरकलं आणि थरानं तिथंच धरून ठेवलं. मामा क्षणभर आईकडे, क्षणभर लॅपटॉपकडे बघत राहिले, आणि मग जे हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "जिंदगीभर लोकांना शिकवलं, आधी रिसीवर बघा… अन् मीच आठ दिस खांबावर चढून बसलो!" आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिनं अंबाड्यातला आकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्या आकड्यानं मामांनी थर खरवडला आणि नखानं बटण सरकवलं. टक्. एक निळा दिवा लागला आणि पडद्यावर नावं उगवली, शेजारच्यांची, दुकानाची, आणि सगळ्यांत वर बाळूच्या गिरणीचं. मी ओरडले, आई ओरडली, पलीकडं बाळूनं घाबरून गिरणी बंद केली. तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

दहाला तास झाला. भिंतीपलीकडून गिरणीची घरघर ऐकू येत होती. एका मुलीनं विचारलं, तो आवाज कसला? मी 'दळण' हा शब्द शिकवला, मग 'ळ' चे आणखी दहा. संध्याकाळी काम मिळाल्याचा निरोप आला. मामा तोवर बसमध्ये होते. फोनवर ओरडून सांगितलं तर म्हणाले, "अक्काला सांग, आता सामान बांधायचं न्हाई." माझ्या मनातलं त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे.

महिन्याभरानं पेढे घेऊन नांदेडला गेले तेव्हा त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला आणि घरच्या वायफायचा पासवर्ड स्वतः टाकला. टाकताना मिशीत हसत होते. "परवाच बदललाय," म्हणाले. काय ठेवलाय ते सांगेनात. "तुला कशाला? आता तू कधीबी आली की मशीन आपोआप जोडून घेईल. घरच्या मानसाला इचारावं लागत न्हाई."

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी आई आणि मी नांदेडला गेलो. बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले. मामी कोपऱ्यात नवा फोन घेऊन बसल्या होत्या. हैदराबादला परत गेलेल्या लेकीनं रोज तोंड दिसावं म्हणून दिलेला, पण तो वायफायला जोडता येईना. पासवर्ड मामांनी कुणाला सांगितला नव्हता. वही चाळून झाली होती, त्यात नव्हता. उद्या माणूस बोलावून मामांनी बसवलेलं सगळं पुसून नव्यानं करायचं ठरलं होतं. मुलांना सुट्टी कळवायची म्हणून मी मामांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला… आणि तो जोडला गेला. न विचारता. मला हुंदका आला, आणि त्याच क्षणी मामा आतून बोलल्यासारखं डोकं चाललं. जे यंत्र जोडलं जातं, त्याला पासवर्ड ठाऊक असतो. साठवलेली नेटवर्कं उघडली, पासवर्ड झाकणाऱ्या ठिपक्यांवर दाबलं. रोमन अक्षरांत, सलग लिहिलेलं होतं: आधीबटणबघअक्का.

मी ते मोठ्यानं वाचलं. आईनं आधी कपाळाला हात लावला, मग हसली, मग पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडता म्हणाली, "मेल्यानं जाता जाता बी माझीच खोडी काढली." मामींच्या फोनवर मी एकेक अक्षर टाकलं. पाच मिनिटांत लेक पडद्यावर आली आणि मामी तिला पहिलं वाक्य बोलल्या, "बाबांनीच जोडून दिलं बघ."

हा लेख लिहिण्याआधी मामींना विचारलं, पासवर्ड छापू का, मग तो बदलावा लागेल. त्या म्हणाल्या, "छाप की. कुनाचं काई बंद पडलं असंल त्याच्या कामी येईल." आई आता खंडेनवमीला कुंकू लॅपटॉपच्या झाकणावर लावते, कडेपासून चांगली चार बोटं सोडून. आणि मी रोज सकाळी, मुलं पडद्यावर यायच्या आधी, पुढच्या कडेवरून एकदा बोट फिरवते. बटण सुरूच असतं.